माजी विद्यार्थ्यांच्या वार्तापत्रातल्या नोंदी कशा जुळवायच्या?

प्रश्न:
आमच्या माजी विद्यार्थी संघाच्या तिमाही अंकात 'सध्या कोण कुठे' हे सदर सुरू करायचंय. ऑनलाइन फॉर्म फिरवला, पण कुणी अर्धी ओळ लिहितंय, कुणी अख्खा बायोडेटा चिकटवतंय. एकसारखेपणा कसा आणायचा?

प्रतिसाद १:
'स्वतःबद्दल लिहा' हा मोकळा रकाना ठेवलात की बायोडेटा येणारच. तो काढा. नाव, शिकत असतानाचं नाव, पदवी, उत्तीर्ण वर्ष, काय घडलं आणि कधी, एवढंच विचारा. जुनं नाव हवंच. आडनाव बदललं की वर्गातल्यांनाही ओळख पटत नाही. नोंद ४० शब्दांत बसवा. 'नुकतेच रुजू झाले' लिहू नका, अंक हातात पडेपर्यंत ते शिळं होतं. 'मार्च २०२५पासून' असं लिहा. क्रम उत्तीर्ण वर्षाने, त्यात आडनावाने.

प्रतिसाद २:
आणि घडून गेलेलंच छापा. पीएचडीचा प्रबंध सादर होणं वेगळं, पदवी मिळणं वेगळं. मधे कित्येक महिने जातात. लग्न ठरलंय, बाळ होणार आहे, अशा बातम्या पुढच्या अंकाला ठेवा. मित्राने कळवलेली बातमी ज्याची त्याला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. निधनवार्तेला घरच्यांचा दुजोरा हवा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड चालत नाही.

प्रश्नकर्ता:
निधनाच्या नोंदी याच यादीत घ्यायच्या का?

प्रतिसाद २:
नाही, वेगळ्या चौकटीत. आणि पत्त्यांच्या यादीत त्याच दिवशी खूण करा, नाहीतर वर्गणीचं स्मरणपत्र त्या घरी जाऊन पडतं.