प्रतिसाद (२०२१): ब्रिटिश गायिका अडेलचा नवा अल्बम ‘३०’ येतोय!

वर कुणीतरी लिहिलंय, “पुन्हा तोच पियानो, तेच रडगाणं, एवढा गाजावाजा कशाला?” अहो, तिचा आधीचा अल्बम ‘२५’ आला २०१५ मध्ये. सहा वर्षं वाट पाहिलीय आम्ही, आता थोडं नाचू द्या की!

‘३०’मधलं पहिलं गाणं ‘ईझी ऑन मी’ १५ ऑक्टोबर २०२१ला आपल्याकडे पहाटे साडेचारला आलं. गजर लावून उठले आणि हेडफोन घालून ऐकलं, नाहीतर घरच्यांनी मलाच बाहेर काढलं असतं. पियानो तोच, मान्य. निर्माता ग्रेग कर्स्टिनच आहे, ‘२५’मधल्या ‘हॅलो’ गाण्याचा, तोच. पण या वेळी अडेल सोडून गेलेल्याला दोष देत नाहीये. घर मोडायचा निर्णय तिचा स्वतःचा आहे आणि ती समजून घ्या म्हणतेय. ‘२१’ या जुन्या अल्बममधल्या धुमसणाऱ्या अडेलपेक्षा ही बाई फार वेगळी आहे. मुलगा मोठा झाल्यावर त्याला घटस्फोट समजावा म्हणून हा अल्बम केला, असं तिने ‘व्होग’ मासिकाला सांगितलंय. त्यामुळे मला त्या बारा गाण्यांमध्ये ‘माय लिटल लव्ह’ या मुलावरच्या गाण्याचीच जास्त धाकधूक आहे.

शिवाय या खेपेला इन्फ्लो हा निर्माताही आहे. त्याने गायक मायकेल किवानुकाबरोबर केलेलं काम ऐकलेल्यांना कळेल मी का उड्या मारतेय.

आणखी एक, ‘२५’ तिने सुरुवातीला सात महिने स्ट्रीमिंगवर येऊच दिला नव्हता. तसं या वेळी नाही, हे नशीब. अल्बम १९ नोव्हेंबर २०२१ला येतोय, शुक्रवार आहे, रजा टाकलीय. साहेबांना कारण विचारू देऊ नका म्हणजे झालं.