कापडी पिशवी पर्यावरणाला खरोखर बरी का?

प्रश्न : २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर आमच्या घरी कापडी पिशव्यांचा ढीग साचला आहे, त्यांनी पर्यावरणाचे खरेच भले होते का?

उत्तर १ : ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अहवालानुसार, एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा हवामानावरील भार कमी ठरण्यासाठी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, कारण कापूस पिकवण्यात आणि कापड विणण्यात खत, पाणी व वीज खर्ची पडते. म्हणूनच हा ढीग मला खटकतो.

उत्तर २ : मात्र त्या हिशेबात तुंबलेले नाले आणि गाईंच्या पोटातले प्लास्टिक धरलेले नाही. जुन्या साडीची पिशवी शिवल्यास नवा कापूस लागतच नाही.

उत्तर ३ : ‘विघटनशील’ पिशव्यांबाबत सावध राहावे, त्यांत वापरले जाणारे पीएलए (मक्यासारख्या पिकांपासून बनवलेले प्लास्टिक) साधारण ६० अंश सेल्सिअसच्या औद्योगिक खतप्रकल्पात नीट कुजते, घरच्या कुंडीत नव्हे.