बेस बंद होतोय का? टोकन द्यायचं की नाही? (तातडीने मदत हवी)

माडाखालची
चिखलीत बेसजवळ टू बीएचके बघितलाय. एजंट म्हणतो दोन-तीन वर्षांत बेस जाणार, मग रेट दुप्पट. परवा पाच लाख टोकन द्यायचंय. बेस खरंच बंद होणार आहे का? हो की नाही एवढंच सांगा, बाकी सल्ले नकोत. मी मस्कतला असते, तिथली धावपळ आई एकटी करतेय.

रेडझोनग्रस्त
चिखली म्हणजे आमचीच. ताई, तो बेस नाही, देहूरोडचा दारूगोळा डेपो आहे. दोन हजार यार्डांचा रेड झोन, म्हणजे बांधकामबंदीचा पट्टा. प्रत्येक निवडणुकीला हद्द कमी होते आणि निकाल लागला की परत येते. माझा दीड गुंठा त्यात अडकलाय, बँक दारात उभी करत नाही. पळा तिथून.

पैनगंगा
चिखली बुलढाणा जिल्ह्यात आहे. तिथे बेस कधी आला?

माडाखालची
अहो दाबोळीजवळची चिखली! वास्को! बेस म्हटल्यावर कळायला नको का?

रेडझोनग्रस्त
मग गोवा असं लिहा ना. मी एवढा टाइप केला.

पिवळी_पाटी
मी दाबोळी विमानतळावर टॅक्सी चालवतो, म्हणून सांगतो. बंद होणार ते आमचं पॅसेंजर टर्मिनल. उत्तर गोव्यातलं नवं मोपा विमानतळ जानेवारी २०२३ ला सुरू झालं, २०२४ मध्ये कतार एअरवेज तिकडे गेली. सरकार म्हणतं दाबोळी चालूच राहणार. स्टँडवर विचारा, कोण विश्वास ठेवतो ते. तुम्ही नेव्हीबद्दल विचारताय की टर्मिनलबद्दल?

माडाखालची
दोन्ही एकच ना?

चीफसाब
नाही, एक नाहीत. तळ नौदलाचा, आयएनएस हंसा. प्रवासी टर्मिनल ही त्यातली पाहुणी खोली. पाहुणे गेले म्हणून घरमालक घर सोडत नाही. मी स्वतः तिथे नोकरी केली आहे. मिग-२९के लढाऊ विमानं तिथे, २०२२ पासून पी-८आय टेहळणी विमानांची दुसरी तुकडी तिथे. विमानवाहू जहाजावरून उडण्याचा सराव जमिनीवर करायचा तर लागतो तो चढाचा रॅम्पही तिथेच बांधलाय. हे सगळं दोन-तीन वर्षांत कोण उचलणार? तुमचा एजंट?

सासष्टीकार
चीफसाब, आदर राखून बोलतो. विमानतळ पोर्तुगिजांनी प्रवासी वाहतुकीसाठीच बांधला. इथून कराचीला विमानं जायची. १९६१ नंतर नौदल आलं ते आलंच. वर्षानुवर्षं सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते एक प्रवासी विमानांना धावपट्टी बंद. कारवारला एवढा मोठा नौदलाचा सीबर्ड तळ उभा केलाय, जा म्हणावं तिकडे. दाबोळी पूर्ण नागरी करा, दक्षिण गोव्याची हॉटेलं तरी जगतील.

चीफसाब
सीबर्डला धक्के आहेत, धावपट्टी नाही. अंकोल्याकडे होणार म्हणून जमिनीचा घोळ चालू आहे. जहाज बंदरात उभं करता येतं, मिग नाही.

सासष्टीकार
म्हणजे झाली की जाणार ना?

चीफसाब
नवीन झाली तर वाढवतील. लष्कराने भरल्या घरातून सामान हलवलेलं तुम्ही कधी बघितलंय?

लोहगावची_पोर
आमच्याकडे पुण्यात हेच वीस वर्षं ऐकतेय. आधी चाकणला नवा विमानतळ होणार, मग पुरंदरला होणार आणि लोहगाव मोकळं. पुरंदर झालं तरी हवाई दलाची सुखोई लोहगावलाच राहणार, एवढं साधं कुणी सांगत नाही. बाबांनी त्याच आशेवर जागा घेतली, ती निघाली कुंपणाच्या भिंतीपासून शंभर मीटरच्या आत. आज तिथे पत्र्याची शेड आहे आणि दोन म्हशी. (म्हशी शेजाऱ्याच्या.)

श्प्रेकाठी
बर्लिनचं टेम्पलहोफ घ्या. अमेरिकी हवाई दल गेलं, २००८ ला विमानतळ बंद, धावपट्टीवर आता लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात. कडेला घरं बांधायचा बेत होता, २०१४ च्या जनमतात लोकांनी हाणून पाडला. दाबोळीलाही असं मैदान करता येईल. समुद्राचा वारा, पतंगांना तर फारच छान.

पिवळी_पाटी
पतंग उडवून माझा हप्ता भरणार का?

मोजमाप
मी साइट इंजिनियर आहे. धागाकर्तीने मूळ गोष्ट सांगितलेलीच नाही. कितवा मजला? नौदलाचं ना-हरकत पत्र आहे का? इमारत धावपट्टीच्या रेषेत आहे की बाजूला? तळ राहतो की जातो यापेक्षा हे महत्त्वाचं.

माडाखालची
सहावा मजला. वरच्या दोन मजल्यांचं एनओसी प्रोसेसमध्ये आहे, बेस गेला की आपोआप मिळेल असं एजंट म्हणाला. म्हणूनच तर विचारतेय!

लोहगावची_पोर
अगं बाई. हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना.

मोजमाप
समजा उद्या हंसा कुलूप लावून गेली, तरी नागरी विमानं उतरत राहिली तर उंचीची मर्यादा तीच. विमान कुणाचं आहे हे इमारतीला कळत नाही. आहे त्या एनओसीचा फोटो आईकडून मागवा.

सासष्टीकार
शिवाय मजले बांधून झालेत का? ऑक्युपन्सी, म्हणजे राहायला परवानगी, पंचायत कशी देईल?

माडाखालची
बांधून झालेत, टाइल्ससुद्धा बसल्या. आईने एनओसीचा फोटो पाठवलाय. त्यावर कमाल उंची ७० मीटर लिहिलंय. अहो, ७० मीटर! सहा मजले वीस मीटरसुद्धा होत नाहीत. मग अडचण काय आहे? उगाच घाबरवलंत.

चीफसाब
ताई, तो आकडा जमिनीपासून नसतो, समुद्रसपाटीपासून असतो. दाबोळीचं पठारच पन्नासच्या वर आहे.

मोजमाप
त्याच कागदावर जागेची पातळी लिहिलेली असेल. ती सांगा.

माडाखालची
५३.

मोजमाप
राहिले १७. खाली पार्किंग, वर चार मजले, त्यावर पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली. तीही मोजतात. संपलं.

माडाखालची
म्हणजे सहावा मजला...

चीफसाब
हवेत आहे.

रेडझोनग्रस्त
टोकन दिलं नाहीत ना अजून?

माडाखालची
एजंटला फोन केला. आता म्हणतो त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक आहे, सात लाख जास्त. हा घेऊ का?

सासष्टीकार
वरच्या मजल्यांमुळे अख्ख्या इमारतीची ऑक्युपन्सी अडकू शकते हो.

श्प्रेकाठी
टेम्पलहोफचे फोटो टाकू का?