मदत हवी आहे: मे महिन्यात तरुण संघाला जत तालुक्यात श्रमदानाला न्यायचंय, पोरांची तयारी कशी करून घेऊ?

नमस्कार. मी मिरजेचा. आमच्या चर्चचा तरुण संघ गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे. म्हणजे हॉलच्या चाव्या, गिटारच्या तारा आणि पालकांचे फोन माझ्याकडे आहेत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाच दिवस जतच्या पूर्वेकडच्या एका गावात सेवेसाठी जायचं ठरतंय. पोरं-पोरी मिळून २२, त्यातले ९ जण अठराच्या आतले.

मागच्या वर्षीही गेलो होतो, दुसऱ्या गावाला. शाळेच्या भिंती रंगवल्या, लहान मुलांचे खेळ घेतले, फोटो काढले. गावात टँकर एकाआड एक दिवस यायचा. आम्ही २६ जण. उन्हातून आल्यावर आंघोळी, संध्याकाळी परत आंघोळी, वर रंगाचे ब्रश धुवायला बादल्या. तिसऱ्या दिवशी एक आज्जी शेजारणीला म्हणाली, "पोरं गुणाची हायत, पर लई पाणी पित्यात." मी दारातच उभा होतो.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती आमच्या मिरजेतून. केवढा अभिमान आम्हाला त्याचा! आणि आम्ही आमच्याच जिल्ह्यातल्या गावाचं पाणी संपवून आलो. बाहेरच्या भिंतीचा रंग तर पहिल्या पावसातच निघाला, असं नंतर कळलं.

यंदा गावाने स्वतःहून सांगितलंय की गायरानात पावसाचं पाणी अडवायचे चर खणायला माणसं हवीत. पण आमच्यातल्या निम्म्या पोरांनी कुदळ हातात धरलेली नाही. आता मार्च चाललाय. दोन महिन्यांत काय शिकवू? पाण्याचं काय करू? आणखी एक, जरा अवघड आहे. चर्चची पोरं म्हटल्यावर लोकांच्या मनात शंका येते, ती कशी हाताळायची?

माणदेशी
आमच्याकडे माण-खटावात वॉटर कपच्या (पाणी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा) दिवसांत पुण्या-मुंबईची खूप मंडळी यायची. चांगली माणसं. पण पहिल्या तासात हाताला फोड, दुसऱ्या तासात सावली. तेव्हा आत्तापासून दर शनिवारी तासभर खणायला लावा. चर्चच्या आवारात शोषखड्डा करा, उपयोगाचाही होईल. हातमोज्यांपेक्षा सवय बरी.

चर म्हणजे नुसता खड्डा नव्हे. उताराला आडवा आणि तळ एका पातळीत. पातळी चुकली की पाणी एका टोकाला जमतं आणि तिथूनच फोडून जातं. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून पातळी काढायला दोघा-चौघांना शिकवा, मोबाईलवर वाढलेली पोरं यात लवकर तयार होतात. माती खालच्या अंगाला टाकायची. वर टाकली तर पावसात परत चरातच.

सकाळी ६ ते ९, बास. कुदळ-फावडी आदल्या रात्री पाण्यात... नको, तुमच्या गावात पाणीच नाही! दांडे मिरजेतच पक्के बसवून न्या. आणि गायरान ग्रामपंचायतीचं आहे की वनखात्याचं, हे आधी विचारा. वनखात्याचं असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय कुदळ लावू नका.

आरोग्यसेविका (निवृत्त)
दादा, दगड हाताने उचलू देऊ नका. आधी पहारीने उलटायचा, मग हात. विंचू खालीच बसलेला असतो. सगळ्यांना बूट लागतील, चप्पल चालणार नाही. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे, रात्री डॉक्टर असतात का, हे जाऊन बघून या, फोनवर विचारू नका. १०८ पाठ हवा.

एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करायला लावा. घाम यायचा थांबला, पोर असंबद्ध बोलू लागलं, तर लगेच सावलीत, अंगावर ओलं फडकं आणि दवाखाना. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. मुलींच्या पाळीच्या दिवसांची सोय आणि आडोसा यावर आधी बोलून घ्या. तुम्हाला संकोच वाटत असेल तर महिला संघातल्या दोघी सोबत न्या. त्या तशाही न्यायलाच हव्यात.

रोखठोक
बसभाडं आणि पाच दिवसांचा खर्च धरा. तेवढ्यात जेसीबी किती तास चालेल? पैसे पाठवा, पोरं घरी ठेवा.

सीमेवरचा
रोखठोक, हिशेब बरोबर आहे तुमचा. पण जेसीबी संध्याकाळी कट्ट्यावर बसत नाही.
धागाकर्ते, त्या भागात घराघरात कानडी आहे. दहा-वीस शब्द पाठ करून न्या. "बर्री" म्हणजे या, "नीरु" पाणी, "साकु" पुरे. यजमान ताटात वाढत राहतात, तेव्हा तिसरा शब्द फार कामाला येतो. शंकेचं म्हणाल तर ग्रामपंचायतीला द्यायच्या पत्रात चर्चचं नाव स्पष्ट लिहा. लपवलं की संशय. पत्रकं, स्पीकर, फलक काही नको. कुणाच्या घरी आजारी माणूस असला तरी प्रार्थना करू का म्हणून आपण विचारायचं नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. रोखठोक, तुमचा मुद्दा मी कमिटीपुढे जसाच्या तसा मांडला. दोन वडील तुमच्याच बाजूचे निघाले. मग गावालाच विचारलं. सरपंच म्हणाले, वरच्या अंगाला दगड आहे, यंत्र चढत नाही, माणसंच पाहिजेत. तिथेच विषय संपला.

पाण्याचा हिशेब असा: टँकरच्या गावात माणशी २० लिटर धरतात, आम्हीही तेवढंच धरलं. २२ जणांचे दिवसाला ४४० लिटर, पाच दिवसांचे २,२००. ५,००० लिटरचा खासगी टँकर आमच्या खर्चाने पहिल्याच दिवशी गावच्या टाकीत ओतायचा. आंघोळ एक तांब्या. यावर मुलींपेक्षा मुलांनीच जास्त कुरकुर केली! सराव म्हणून एप्रिलचा एक रविवार प्रत्येकाने घरी २० लिटरात काढायचा आहे. स्वयंपाक, संडास सगळं त्यातच.

पाळकसाहेब फलकाला हो म्हणत होते, आता नको म्हणतात. सकाळची प्रार्थना आम्ही राहू त्या खोलीत, आमच्यापुरती. एसटीचा प्रासंगिक करार करतोय. अठराच्या आतल्यांच्या पालकांची लेखी संमती घ्यायला सुरुवात केली, ९ पैकी ४ आल्या. उरलेल्या पाचही मुलींच्या घरच्या आहेत. महिला संघातल्या दोघी येत्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन बसणार आहेत.

शोषखड्ड्याचं काम शनिवारी सुरू झालं. दीड फुटावर मुरूम लागला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. माणदेशी, मुरमाला टिकाव वापरायचा की पहार?

माणदेशी
आधी पहारीने ढिला करा, मग टिकाव. आणि तुम्ही काठावर उभे राहू नका, खड्ड्यात उतरा.