‘ऑटो’, ‘रेलिक’, ‘पॅच’: सहीच्या कार्डांसाठी मराठी शब्द कोणते?

टिळकवाडीकर:
खेळाडूंची चित्रं असलेल्या, हौसेनं जमवायच्या कार्डांचे नवे संच आले की घेणारे-विकणारे जे शब्द वापरतात ते सगळे उसने. ‘ऑटो’ म्हटलं की बेळगावात रिक्षा समजतात. कार्डांच्या बाजारात तो ‘ऑटोग्राफ’चा संक्षेप. ‘रेलिक’ म्हणजे जर्सीचा, बॅटचा किंवा चेंडूचा तुकडा बसवलेलं कार्ड. ‘पॅच’ त्यातलाच एक प्रकार. ‘रिडेम्प्शन’ म्हणजे पाकिटात खुद्द कार्डाऐवजी निघणारा हक्काचा कागद. वहीत नोंद करताना आणि विकताना चिठ्ठीवर लिहायला मराठी शब्द हवेत, आणि हाती काय येणार आहे ते शब्दातूनच कळायला हवं. ‘स्वाक्षरी कार्ड’, ‘स्मृतिचिन्ह कार्ड’ चालतील का?

खानापूरकर:
‘स्मृतिचिन्ह’ नको. आपल्याकडं सत्कारात शाल, श्रीफळ आणि त्यानंतर हातात देतात ते स्मृतिचिन्ह. ते द्यायसाठीच बनवलेलं असतं. कार्डातला तुकडा आधी कुणाच्या तरी अंगावर होता, त्यालाच किंमत. ‘अवशेष’ म्हटलं तर पडक्या देवळाची आठवण होते. ‘तुकड्याचं कार्ड’ म्हणा की, कुणालाही कळतंय.
‘स्वाक्षरी’पेक्षा ‘सही’ बरा. मूळ अरबी शब्द ‘सहीह’, म्हणजे खरं, बिनचूक. कन्नडमध्येही सहीच म्हणतात, त्यामुळं दोन्ही भाषांच्या गिऱ्हाइकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रविवार पेठ:
नुसतं ‘सही’ लिहून भागायचं नाही. सह्या चार तऱ्हेच्या असतात आणि त्यांच्या भावात मोठं अंतर असतं. खेळाडूनं कार्डावरच केलेली. पारदर्शक चिकटपट्टीवर करून कारखान्यात कार्डाला चिकटवलेली. जुन्या कागदावरची कापून चौकटीत बसवलेली. आणि नुसती छापलेली. छापील सहीवरच नवा माणूस फसतो. १० पट मोठं दाखवणारं भिंग लावा. छपाई असेल तर रेघ बहुधा बारीक ठिपक्यांची बनलेली दिसते. पेनाची असेल तर शाई सलग दिसते आणि रेघ रेघेवरून जाते तिथं रंग गडद होतो. चिकटपट्टीची कड ओळखायला कार्ड दिव्याखाली तिरपं धरा. कड चमकते, कधी खाली हवेचा फुगा असतो. फुगा बोटानं दाबायला जाऊ नका, पट्टीला सुरकुती पडते आणि ती जात नाही.

निपाणीकर:
कार्डावरच्या सहीला ‘दस्तुरखुद्द सही’ म्हणता येईल का? ‘दस्तुरखुद्द’ हल्ली ‘स्वतः जातीनं’ अशा अर्थानं वापरतात, पण जुन्या पत्रांत त्याचा अर्थ स्वतःच्या हातचं अक्षर. शब्द मोलाचा आहे, पुन्हा वापरात यावा असं मनापासून वाटतं.

रविवार पेठ:
शब्द मलाही फार आवडतो, पण इथं फसवील. चिकटपट्टीवरची सहीही खेळाडूच्याच हातची असते, म्हणजे तीही दस्तुरखुद्दच. हात एकच, फरक पृष्ठभागाचा. ‘थेट सही’, ‘पट्टीवरची सही’, ‘कापीव सही’ आणि ‘छापील सही’ अशी फोड करा. ‘दस्तुरखुद्द’ पहिल्या तिन्हींना मिळून ठेवा, छापीलच्या विरुद्ध.
आणखी एक भेद हवा. कार्डं काढणाऱ्या अपर डेक या अमेरिकी कंपनीनं १९९० मध्ये बेसबॉलपटू रेजी जॅक्सनच्या सहीची २,५०० कार्डं हातानं क्रमांक घालून पाकिटांत मिसळली, तेव्हापासून कंपनीनंच सहीची हमी द्यायची रीत रुळली. अशा सहीला ‘दाखल्याची सही’ म्हणू. मैदानाबाहेर साध्या कार्डावर घेतलेली सही खरी असली तरी तिला दाखला नसतो.

शहापूरकर:
‘पॅच’ला कुणी ‘ठिगळ’ सुचवण्याआधी सांगतो, नको. ठिगळ फाटक्या जागेवर लावतात. कन्नडमधला ‘तेपे’ही तसाच. इथं उलट आहे, चांगल्या जर्सीतून कापून काढलेलं असतं. एकाच रंगाचं सपाट कापड असेल तर ‘साधा तुकडा’. अंकातून, नावातून किंवा बोधचिन्हातून कापलेला, दोन-तीन रंग आणि शिवण असलेला असेल तर ‘जोडाचा तुकडा’. शिवणीला धागा किती पदरी आहे, टाके कसे बसलेत, हे तुकड्यासाठी कार्डाला पाडलेल्या खिडकीतून दिसतं, म्हणून त्याला जास्त भाव. बनावट करणारे साधा तुकडा काढून बाजारातल्या जर्सीचा रंगीत तुकडा घालतात. खिडकीच्या कडेला गोंद बाहेर आलाय का, कार्डाचे थर बाजूनं सुटलेत का, आणि त्याच क्रमांकाच्या कार्डाचा जुना फोटो मिळतो का, ते बघा.
‘विणलेलं कापड’ असंही लिहू नका. आपल्या मागावर ताणा-बाणा असतो. जर्सीचं कापड बनियनसारखं फासे गुंफून केलेलं, ओढलं की ताणतं.

खानापूरकर:
‘वापरलेला’ या शब्दालाही पायऱ्या आहेत. ‘सामन्यात वापरलेला’, ‘खेळाडूनं घातलेला’ (फोटो काढण्यापुरता अंगात घातला तरी हेच लिहितात) आणि तिसरी, मागच्या बाजूला छापलेली ओळ: तुकडा कोणत्याही विशिष्ट सामन्यातला, प्रसंगातला वा हंगामातला नाही. पहिल्या पायरीचा भाव तिसरीला देऊ नका. म्हणून आधी कार्ड उलटून वाचायचं.

निपाणीकर:
‘रिडेम्प्शन’ला ‘बदली कार्ड’ कसं वाटतं?

रविवार पेठ:
त्याला आपल्या पेठेतलाच शब्द आहे: हुंडी. खेळाडूनं वेळेत सह्या करून दिल्या नाहीत की कंपनी पाकिटात हा कागद घालते. मागचा थर खरवडला की संकेतांक दिसतो, तो कंपनीच्या संकेतस्थळावर भरायचा आणि कार्डाची वाट बघायची. म्हणजे पैसे आज दिलेत, माल पुढं मिळणार. हुंडी दर्शनी असते, म्हणजे दाखवताच पैसे मिळणारी, किंवा मुदती, म्हणजे ठरल्या मुदतीनंतर मिळणारी. ही मुदतीसारखी, शिवाय संकेतांक भरायची शेवटची तारीख कागदावरच छापलेली. तारीख उलटली की हक्क गेला. थर खरवडलेली हुंडी विकत घेऊ नका, संकेतांक कुणी आधीच भरला असेल तर हाती उरतो नुसता पुठ्ठा. आणि तारखेच्या आत भरला तरी खेळाडूनं सहीच केली नाही, तर कंपनी बदल्यात दुसरं काही पाठवते. ‘बदली’ शब्दात मुदतीची ही जोखीम येत नाही.

टिळकवाडीकर:
हुंडी पक्का. आता कार्डावरचा २५/९९ हा आकडा कसा वाचायचा?

शहापूरकर:
‘९९ पैकी २५वं’. अपूर्णांकासारखं वाचू नका. ९९ छापली, त्यातलं हे २५वं. १/१ असेल तर ‘एकमेव’. आणि ‘सेट’ला संच म्हणा, मालिका म्हटलं तर क्रिकेटवाला सामने समजतो.
जाडीही लिहा. साधं कार्ड ३५ पॉइंट, म्हणजे ०.९ मिलिमीटर, तुकड्याचं बहुधा १३०, म्हणजे ३.३ मिलिमीटर. साध्या कव्हरात कोंबलं की कोपरे दबतात. पावसाळ्यात आपल्याकडं चकाकीची कार्डं वाकतात, कारण मागचा कागद ओल धरतो आणि पुढचा चकाकीचा थर धरत नाही. डब्यात सिलिका जेल ठेवा, डांबरगोळ्या नकोत. त्यांच्या वाफेनं काही कव्हरांचं प्लास्टिक मऊ पडतं.

टिळकवाडीकर:
मग चिठ्ठी अशी लिहितो: ‘थेट सही, दाखल्याची. जोडाचा तुकडा, खेळाडूनं घातलेला. ९९ पैकी २५वं. जाडी १३०.’

खानापूरकर:
बरोबर. ‘खेळाडूनं घातलेला’ याच्या शेजारी मागच्या बाजूची ओळ जशी छापलीय तशी उतरवून घ्या, आणि चिठ्ठी कव्हराला बाहेरून लावा, कार्डाला नको.