लहान पोरांचा लिनक्स लॅपटॉप अडत दुकानात चालवायचा का? मतं द्या

यार्डवाला_सांगली
मंडळी, आमच्या दुकानात यावरनं रोज वाद चाललाय म्हणून इथं टाकतोय. २००७ च्या शेवटी अमेरिकेत एक स्कीम होती, ३९९ डॉलर भरायचे, एक लॅपटॉप आपल्याला आणि एक गरीब देशातल्या पोराला. आत्तेभावानं तेव्हा घेतलेला तो हिरवा-पांढरा एक्सओ, गरीब देशांतल्या पोरांना स्वस्त लॅपटॉप द्यायच्या निकोलस निग्रोपाँटेच्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'वाला, अँटेनाचे दोन कान वर करणारा. त्याची पोरं मोठी झाली, आता तो माझ्याकडं आलाय आणि अजून चालू होतोय.

माझं म्हणणं एवढंच की हा सौद्याच्या वेळी वजनं लिहायला वापरावा. आमच्याकडं हळदीच्या सीझनला शेडात धूळ किती असते ते यार्डात आलेल्यालाच कळेल, साध्या कीबोर्डात पिवळी पूड जाऊन बटणं बसतात. याचा कीबोर्ड अखंड रबराचा, फट नाही, फडक्यानं पुसला की झालं. आणि स्क्रीन! बॅकलाईट बंद करून उन्हात धरला की काळं-पांढरं एकदम छापल्यासारखं दिसतंय. आमचा दुकानातला नवा लॅपटॉप दारात नेला की नुसतं आपलं तोंड दिसतं त्यात. वडील म्हणतात खेळणं आहे, कपाटात ठेव. तुम्ही काय म्हणता?

विश्रामबाग_टॅक्सवाला
वडिलांचं ऐका. राग मानू नका पण ४३३ मेगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण, याच्यावर ऑफिस? टॅली विंडोजचं, ते विसरा. जीएसटीचं पोर्टल त्यावर उघडून दाखवा मी मिसळ देतो. लिनक्सवर फायरफॉक्सला २०१७ पासून एसएसई२ वाला, म्हणजे त्या जादा सूचना समजणारा प्रोसेसर लागतो, तुमच्या एक्सओतल्या जीओड प्रोसेसरला ते नाहीच. डेबियन नावाचं लिनक्स ११ पर्यंत कसंबसं चालत होतं, १२ मध्ये त्यांनीपण जीओड सोडला. म्हणजे जुनी सिस्टीम, जुना ब्राउझर, आणि त्यावर शेतकऱ्यांचे बँक खाते नंबर टाकणार? दहा-पंधरा हजारात सेकंडहँड थिंकपॅड मिळतोय, लिनक्सचीच हौस असेल तर त्यावर टाका.

यार्डवाला_सांगली
सर, जीएसटी यावर करणार असं मी कुठं म्हटलंय? ते दुकानातल्या डेस्कटॉपवरच राहणार. यावर फक्त शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, दर. नेट लावणारच नाही. संध्याकाळी पेनड्राईव्हनं फाईल डेस्कटॉपवर, तिथं पट्टी निघेल. थिंकपॅड घेतला तरी त्या शेडात त्याच्या कीबोर्डाचं काय होईल सांगा.

मिरज_रिपेरवाला
मी यार्डवाल्या दादांच्या बाजूनं. हे मशीन खोललेलं आहे मी, साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लागतो आणि हँडलच्या आत जास्तीचे स्क्रू दिलेत, पोरांनी हरवले तर म्हणून. असं कोण करतंय आता, सगळं चिकटवून ठेवतात.
फक्त शुगर काढा दादा. म्हणजे तो जो मुलांचा इंटरफेस येतो, वर्तुळात चित्रं. त्यात प्रत्येक प्रोग्राम पूर्ण स्क्रीन घेतो, फोल्डर-बिल्डर काही नाही, सगळं त्या जर्नलमध्ये जाऊन पडतं. पोरांना बरंय, पण कालची फाईल शोधायला दिवाणजी जर्नल उलटत बसले तर सौदा होऊन जाईल. वन लॅपटॉपवाल्यांच्या नंतरच्या आवृत्त्यांत शुगरसोबत गनोम, म्हणजे नेहमीसारखा डेस्कटॉपपण येतो, नाहीतर एसडी कार्डावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉपवाला वेगळा लिनक्स टाकून तिथनं बूट करा, स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची जागापण कार्डावरच. लिब्रेऑफिसच्या नादाला लागू नका, चहा पिऊन येईपर्यंत उघडणार नाही. तक्त्यांना न्यूमेरिक आणि लिहायला अॅबिवर्ड बास. नावं मराठीत हवी असतील तर इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड ले-आऊट आणि लोहित हा युनिकोड फाँट, पण युनिकोड नसलेल्या जुन्या श्रीलिपी फाँटातल्या फायली असतील तर त्यात नुसता कचरा दिसेल.

कोरेगाव_मास्तर
हे सगळं वाचून गंमत वाटली. मुलांसाठी केलेलं यंत्र, त्यातलं मुलांचं सगळं काढून टाकायचं आणि वजनकाट्यापाशी ठेवायचं. आपल्या महाराष्ट्रातच कर्जतजवळ खैराटच्या शाळेत २००७ ला हे लॅपटॉप दिले होते, एका शिक्षकाच्या छोट्या शाळेत. तिथली कल्पना होती की पोरांनी स्वतः उघडावं, मोडावं, शिकावं. एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेला देऊन टाका की. मी येऊन घेऊन जातो साताऱ्याहून.

मिरज_रिपेरवाला
मास्तर, एकच नग आहे हो. वर्गात तीस पोरं, एक लॅपटॉप, मारामारी होईल. तुमच्या शाळेतली पोरंपण घरी मोबाईलवर व्हिडिओ बघतात, त्यांना हे संथ चालणारं दिलं की दोन दिवसांत कपाटात. वापरात राहिलं ते बरं की कपाटात?

कोरेगाव_मास्तर
कपाटात जातं ते शिकवणाऱ्यामुळं, मशीनमुळं नाही. पण असो, तुमचा माल आहे.

दिवाणजींचा_पोरगा
कुणी दिवाणजींना विचारलंय का? माझ्या वडिलांनी हयात अडत दुकानात काढली, मी सांगतो. साडेसात इंची स्क्रीन, त्यावर १२०० बाय ९०० म्हणजे अक्षर मुंगीएवढं. फाँट वाढवला तर चार ओळीच दिसणार. बटणं सात-आठ वर्षांच्या पोराच्या बोटाची, आमच्या बाबांचं एक बोट तीन बटणांवर पडेल. आणि मुख्य म्हणजे आकड्यांचा वेगळा गठ्ठा नाही त्यावर! वजनं टाकायची म्हणजे नुसते आकडे, ते वरच्या एका ओळीतनं शोधून शोधून दाबायचे, रबर नीट दबलं नाही तर ४८.५ चं ४८ होणार, आणि मग शेतकरी कुणाला धरणार? तुम्हाला नाही, दिवाणजींना. वहीत पेनानं लिहिलेलं खाडाखोड झाली तरी दिसतं. त्यापेक्षा मोबाईलवर टाकलेलं बरं.

यार्डवाला_सांगली
मोबाईल उन्हात दिसत नाही आणि फोन आला की एंट्री अर्धी राहते, ते करून झालंय. पण आकड्यांचा मुद्दा मान्य, तो सगळ्यात खरा आहे. तीन यूएसबी आहेत, एकाला वेगळा नंबरपॅड लावतो, तीन-चारशेचा येतो, हळदीनं बसला तर दुसरा. आणि वही बंद करणार नाहीच, यंदा दोन्ही चालू.

विश्रामबाग_टॅक्सवाला
म्हणजे वहीपण, लॅपटॉपपण, नंबरपॅडपण, एसडी कार्डपण, पेनड्राईव्हपण. काम कमी झालं का वाढलं?

दिवाणजींचा_पोरगा
वाढलंच. फाईल पेनड्राईव्हवर घेऊन पट्टी काढायला संध्याकाळी थांबणार कोण, तेपण लिहा.

मिरज_रिपेरवाला
दादा, नंबरपॅड घेताना वायरचा घ्या, आणि आधी बॅटरी बघून घेऊ, मंगळवारी तुमचं दुकान सोडून कधीपण या.