मदत हवी आहे: जुनिपरची तार काढू की राहू देऊ? (तातडीचं)

खारघरचा_माळी:
जुनिपर बोन्साय आहे. कुंडी बदलली, फांद्यांना आकार द्यायला तार बांधली, आता टोकं राखाडी पडायला लागलीत. तार काढू की राहू देऊ, एवढंच सांगा. शनिवारी आठ दिवस गावी निघायचंय, त्याआधी काय ते उरकतो.

गच्चीवाली:
कुंडी कधी बदललीत? माती कसली? ऊन किती तास? फोटो टाका.

खारघरचा_माळी:
फोटो चढत नाहीये. मेच्या शेवटच्या रविवारी बदलली. तारेचं सांगा ना ताई.

वाघबीळ_७:
आधी ते जुनिपर आहे का बघा. नर्सरीत मोरपंखीलाही बिनदिक्कत जुनिपर म्हणतात. मोरपंखीची पालवी चपटी, हातपंख्यासारखी उभी. जुनिपरच्या काड्या गोलसर, कोवळी पालवी सुईसारखी टोचते.

खारघरचा_माळी:
टोचते. तार बांधली त्या रात्री मनगटभर पुरळ उठलं होतं. जुनिपरच आहे.

तांबट:
तार अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तिथेच चुकलंत. जुनिपरला तांबंच हवं. वायरमनकडून उरलीसुरली वायर घ्यायची, प्लास्टिक सोलायचं, तार मंद लाल होईपर्यंत निखाऱ्यात तापवायची की लोण्यासारखी मऊ. जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश, वेढे ४५ अंशांत. मी कायम असंच करतो.

गच्चीवाली:
तांबट, झाड आजारी आहे, लग्नाला निघालेलं नाही. आणि नवशिक्याच्या हातात तांबं कशाला? एकदा वाकवलं की ताठ होतं, उलगडायला गेलं की साल सोलते. अ‍ॅल्युमिनियम चूक पोटात घालतं.

तांबट:
पोटात घालतं आणि वीतभर झाडावर केबलवाल्याच्या वायरीसारखं दिसतं.

शांत_सीवूड्स:
विषय निघालाय म्हणून सांगते, बोन्साय घरात ठेवू नये. घरातल्यांची प्रगती खुंटते म्हणतात.

वाघबीळ_७:
माझी बोन्साय आणायच्या आधीच खुंटली होती, त्यामुळे मी निर्धास्त.

गच्चीवाली:
माळीबुवा, मुळांचं काय केलंत ते सांगा आधी.

खारघरचा_माळी:
नळाखाली स्वच्छ धुतली, जुन्या मातीचा कणही ठेवला नाही. पांढरी बुरशी होती तीही घासून काढली. निम्मी मुळं कापली. व्हिडिओत तसंच होतं. मग तार. एका दुपारी सगळं. तेव्हापासून हॉलमध्ये ठेवलंय, ऊन लागू नये म्हणून. एसी असतो.

गच्चीवाली:
अरे देवा. तो व्हिडिओ वडाचा किंवा वडाच्याच कुळातल्या फायकसचा असणार. फायकस असली धुलाई सोसतो, जुनिपर नाही. ती पांढरी बुरशी बहुतेक मुळांची सोबतीण होती. जुनी माती निम्मी तरी ठेवायची, मुळं फार तर एक तृतीयांश छाटायची, तेही आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत. मेच्या काहिलीत नाही. मोठी तार आणि कुंडीबदल एका हंगामात करत नाहीत.

आणि जुनिपर लबाड असतं. मुळं गेली तरी पालवी कित्येक आठवडे हिरवी दिसते. आज दिसतंय ते तीन आठवड्यांपूर्वीचं दुखणं आहे.

तार साल चावत नसेल तर हात लावू नका. आता काढायला गेलात तर जी काही नवी मुळं धरली असतील ती तुटतील. पुढे काढाल तेव्हा उलगडू नका, कटरने तुकडे करा. खत अजिबात नको. झाड आजच गॅलरीत, भरपूर उजेडात पण पावसाची झड लागणार नाही असं ठेवा. बुंधा हलतोय का?

खारघरचा_माळी:
हलतोय. हलक्या दातासारखा.

गच्चीवाली:
म्हणजे कुंडीला बांधलंच नाहीत. खालच्या भोकांतून तार घेऊन मुळांचा गड्डा आवळतात. आता सुतळीने कुंडीसकट बांधा. एसीत होतं म्हणजे कोळीही बघा, पालवीचा रस शोषणारी बारीक कीड असते ती. पांढऱ्या कागदावर फांदी झटका.

अक्षरवेडा:
वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये (सरकारी वृक्षउद्यानात) यामाकी पाइन नावाचं बोन्साय आहे. १६२५ पासून जोपासलेलं. १९४५ मध्ये हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलं, १९७६ मध्ये अमेरिकेला भेट दिलं. धीर सोडू नका.

वाघबीळ_७:
त्याला बॉम्ब लागला होता, नळाखाली धुतलं नव्हतं. माळीबुवा, खरं सांगू? आपल्या दमट हवेत जेड लावा. तोडलेली फांदी खोचली तरी जगते.

गच्चीवाली:
जेडबद्दल कोणी विचारलंय का? दरवेळी जेड!

खारघरचा_माळी:
कागद केला. मिठाच्या कणाएवढे तांबूस ठिपके पडले, त्यातले चार चालायला लागले. बायको म्हणाली हे जेवणाच्या टेबलावर नको. पालवीवर खालून फवारा मारून गॅलरीत ठेवलंय, सुतळीने बांधलंय. खालच्या फांदीची साल नखाने खरवडली तर आत तपकिरी, वरच्या दोन फांद्यांची हिरवी. तार तशीच. शेजारच्या काकूंना पाणी सांगितलंय, रोज तांब्याभर घालते म्हणाल्या.

गच्चीवाली:
रोज तांब्याभर नको हो! आधी बोट खुपसून बघायला सांगा, वरचा इंचभर थर सुकत आला असेल तरच.

तांबट:
शेवटी तांब्यावरच आलात ना सगळे.